तलवार कशासाठी नाही, ते आधी लिहा



'छोटा माल, लांबचा कस्टमर' हा व्हिडिओ आल्यावर एका प्रेक्षकाने विचारलं, "सर, देहरादून-मेरठकडून परदेशात तलवारी जातात म्हणे. आपल्याकडे लोहारकाम आहे, फॅब्रिकेशन आहे, मग आपण का करू नये?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर देताना मी या धंद्यात जरा खोलात गेलो. तुम्ही तलवारी विका की विकू नका, यातला एक धडा प्रत्येक दुकानदाराच्या कामाचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या बाजारात पोलादाइतकीच एका वाक्याला किंमत आहे, ते वाक्य म्हणजे "ही तलवार अमुक कामासाठी नाही." आणि आपण नेमकं तेच वाक्य लिहायला घाबरतो.

कस्टमर कोण आहे?

युरोप-अमेरिकेत 'हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स' नावाचा छंद आहे. शॉर्टफॉर्म 'हेमा'. (नाव वाचून हसू नका, मीपण आधी हसलो होतो.) जुनी युरोपी तलवारबाजी पुन्हा शिकायची, असा हा प्रकार. आपल्याकडे मर्दानी खेळ वस्तादाकडून शिष्याकडे आला. तिकडे मध्ययुगातल्या तलवारबाजीची ही साखळी तुटली. म्हणून ते लोक जुनी हस्तलिखितं आणि पुस्तकं उघडून शिकतात. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये 'आय.३३' नावाचं साधारण ७०० वर्षांपूर्वीचं हस्तलिखित आहे, त्यात तलवार आणि छोट्या ढालीचे डाव चित्रांसकट दिलेत. इटलीचा फिओरे देई लिबेरी १४१० च्या आसपासचा. जर्मन वस्ताद योआखिम मेयरचं जाडजूड पुस्तक १५७० चं, स्ट्रासबर्गमध्ये छापलेलं.

म्हणजे हा कस्टमर पुस्तक हातात धरून दुकानात येतो. इवर्ट ओकशॉट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने मध्ययुगीन तलवारींचे प्रकार पाडून त्यांना रोमन आकडे दिले, दहापासून बावीसपर्यंत. हा गिऱ्हाईक तुम्हाला विचारतो, "ओकशॉटच्या कुठल्या टाइपची?" तुमच्यापेक्षा जास्त माहिती असलेल्या माणसाला 'एक नंबर क्वालिटी, साहेब' म्हणून माल खपवता येत नाही.

एकाच फोटोत तीन वेगळ्या वस्तू

वेबसाइटवर बघितलं तर सगळ्या तलवारी सारख्याच दिसतात. लांब पातं, आडवी दांडी, मुठीच्या टोकाला गोळा. पण आत तीन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली, भिंतीवरची. बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची. चकाचक, गंजत नाही, तेल लावायची कटकट नाही. पण एवढ्या लांब पात्याला स्टेनलेस सहसा ठिसूळ पडतं. त्यात पात्याचा मुठीत जाणारा भाग पुष्कळदा बारीक सळईसारखा, कधी नुसता वेल्ड केलेला. भिंतीवर झक्कास दिसते. जोरात फिरवली तर मुठीपाशी तुटून पातं समोर उडू शकतं.

दुसरी, धारदार प्रतिकृती. ही कापायला. गुंडाळून भिजवलेल्या चटया किंवा पाण्याच्या बाटल्या कापून लोक आपला वार तपासतात. इथे हाय कार्बन स्टील किंवा स्प्रिंग स्टील लागतं, पाणी नीट दिलेलं असावं लागतं, आणि पातं मुठीकडून टोकाकडे पातळ होत जावं लागतं. पीटर जॉन्सन नावाचा स्वीडिश कारागीर संग्रहालयातल्या खऱ्या तलवारी मोजून अमेरिकेच्या अल्बियन कंपनीसाठी डिझाइन करतो. अशा मोजमापांतून दिसतं काय, तर दोन हातांची लांब तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची. सिनेमात दाखवतात तशी दहा किलोची नव्हे.

तिसरी, सरावाची. हिला जर्मन नावाने 'फेडर' म्हणतात. पातं अरुंद, कडा बोथट आणि जाड, टोक गुंडाळलेलं किंवा चपटं पसरट केलेलं. मुठीजवळ पातं एकदम रुंद होतं, म्हणजे वजन हाताकडे राहतं. मेयरच्या पुस्तकातल्या चित्रांत अशाच सरावाच्या तलवारी दिसतात. पण तिचा खरा गुण वेगळा आहे. समोरच्याला भोसकलं की ती वाकते. सगळा जोर त्याच्या छातीत न जाता पात्याच्या कमानीत जिरतो.

आता नीट ऐका, कारण सगळा घोटाळा इथे आहे. नवीन माणसाला वाटतं, 'धार नाही म्हणजे सेफ'. चूक! नाटकासाठी किंवा ऐतिहासिक देखाव्यातल्या लढाईसाठी केलेली बोथट तलवार पुष्कळदा ताठ असते. त्या खेळात भोसकायला बहुधा बंदी असते, त्यामुळे तिथे ती चालते. तीच तलवार घेऊन कोणी हेमाच्या क्लबमध्ये मोकळा सामना खेळला आणि भोसकलं, तर ती सरळ पहारीसारखी लागते. फोटो सारखा, धार दोन्हींना नाही, किंमतही जवळपास. फरक फक्त कागदावर लिहिला तर कळतो. नाही लिहिला तर समोरच्याच्या बरगडीला कळतो.

पैसे देणारा एक, मार खाणारा दुसरा

बाकी बहुतेक धंद्यांत माल खराब निघाला तर घेणाऱ्याचं नुकसान होतं. इथे तलवार घेणारा एक आणि तिच्या टोकासमोर उभा राहणारा दुसरा. त्या दुसऱ्याने तुमची वेबसाइट उघडलेली नाही, तुमच्याशी भाव केलेला नाही. त्याने विश्वास टाकलाय तो मित्रावर, आणि मित्राने टाकलाय तुमच्यावर.

आजच्या फेन्सिंग खेळातलं एक उदाहरण देतो. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्ह खेळत होता. प्रतिस्पर्ध्याचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्कची जाळी फोडून आत घुसलं. काही दिवसांनी स्मिर्नोव्ह गेला. तो ऑलिंपिक विजेता होता, समोरचाही निष्णात खेळाडू, दोघांनी काही गैर केलं नव्हतं. त्यानंतर पात्याचं स्टील, मास्क आणि कपडे यांचे नियम कडक झाले. आज तिकडे जॅकेटवर ३५० किंवा ८०० न्यूटन असे आकडे छापलेले असतात, मास्कच्या गळ्याकडच्या कापडावर १६०० न्यूटन. अशा आकड्यांमागे एका माणसाचा जीव आहे.

भरवसा विकणारा आकडा

फेडरचा एक आकडा मला फार आवडला. तलवार टोकावर उभी करून वजनकाट्यावर ठेवायची, घरात असतो तोच काटा. वरून मुठीच्या गोळ्यावर सरळ खाली दाबायचं. किती किलोला पातं वाकतं ते वाचायचं, झालं. चांगले कारागीर हा आकडा जाहीर करतात. तो दहा-बारा किलोच्या आसपास असेल तर कस्टमर समजतो की पातं सामन्याला बरं आहे. आकडा फार वर गेला की तलवार ताठ, फार खाली गेला की लिबलिबीत.

सोबत वजन, लांबी, तोल मुठीपुढे किती बोटांवर येतो, कडेची जाडी, टोकाचा प्रकार, स्टीलचा ग्रेड. एवढं दिलं की हजारो किलोमीटरवरचा माणूस तलवार हातात न घेता पैसे भरतो. हंगेरीतल्या रेगेनयेईसारख्या छोट्या वर्कशॉपचं नाव जगभरच्या क्लबांत घेतलं जातं ते जाहिरातीच्या जोरावर नाही. पुढची तलवार मागच्या तलवारीसारखीच येणार, या खात्रीसाठी लोक थांबायलाही तयार असतात.

"सर, असं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल"

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न ठरलेला. तर हिशोबच करू.

समजा एका तलवारीत तुम्हाला चार हजार सुटतात. 'फुल कॉन्टॅक्ट, बॅटल रेडी' असं मोघम लिहून तुम्ही दहा विकल्या, चाळीस हजार सुटले. त्यातल्या दोघांनी क्लबमध्ये नेल्या, तिथल्या प्रशिक्षकाने हातात घेऊन वाकवून बघितल्या आणि "ही इथे चालणार नाही" म्हणून बाजूला ठेवल्या. दोन्ही परत. सव्वा मीटरचं लांबडं पार्सल युरोपातून परत आणायचं भाडं काढा. दोन रिटर्न मिळून पाच-सहा तलवारींचा नफा गिळू शकतात. वर त्या दोन क्लबांचे पन्नास सभासद तुमचं नाव कायमचं लक्षात ठेवतात, आणि चांगल्या अर्थाने नव्हे.

आता दुसरी बाजू. तुम्ही स्पष्ट लिहिलं, "भिंतीसाठी. फिरवू नका." किंवा "देखाव्याच्या लढाईसाठी. भोसकण्याच्या सरावासाठी नाही." दहातले तीन गेले. जाऊ देत! ते तुमचे गिऱ्हाईक नव्हतेच, ते येणारे रिटर्न होते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. भिंतीवरची तलवार विकणं हा काही हलका धंदा नाही. कोणाला घरात, हॉटेलात, ऑफिसात शोभेची तलवार हवी असते. ती स्वस्त असावी, चमकावी, यात गैर काहीच नाही. फसवणूक तिथे सुरू होते, जिथे भिंतीची वस्तू मैदानाची म्हणून विकली जाते.

हे मी दुकानात बसूनच सांगतोय. माझं हार्डवेअर आणि टूल्सचं दुकान आहे. ग्राइंडरच्या प्रत्येक चाकावर कमाल आरपीएम छापलेला असतो. का, तर त्याहून जोरात फिरवलं तर चाक फुटतं. मागे एका होलसेलरने तोंडावर लावायच्या शील्डचा लॉट दाखवला. बॉक्सवर ना ग्रेड, ना मार्किंग. विचारलं, "वेल्डिंगला की ग्राइंडिंगला?" म्हणाला, "चालतंय की सगळ्याला!" भाव फार चांगला होता, तरी मी लॉट घेतला नाही. जे सगळ्याला चालतं म्हणतात, ते कशाला चालतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मग आपण हा धंदा करावा का?

आपण यात नवखे नाही. देहरादूनची विंडलास कंपनी १९४३ पासून पाती बनवते आणि जगभर विकते. ट्रकचे पाटे ज्या स्प्रिंग स्टीलचे होतात, त्यातलंच ईएन-४५ तलवारींसाठीही वापरतात. आणि मराठ्यांची 'फिरंगी' आठवा. युरोपातून आलेलं सरळ, लांब पातं आणि त्याला इथली मूठ. तेव्हा इथले लोक तिकडचं पातं पारखून घेत होते, आज तिकडचे लोक आपलं पातं पारखतात. पारखणाऱ्याला काय बघायचं असतं, हे आपल्याला नवीन नाही.

करायचंच असेल तर माझा सल्ला असा:

१. एकच वस्तू घ्या. भिंतीची, कापायची, सरावाची, तिन्ही एकदम नको. सुरुवातीला फक्त सरावाची घेतली तरी चालेल. क्लबांना नव्या मुलांच्या हातात द्यायला दणकट, परवडणाऱ्या तलवारी लागतातच.

२. प्रत्येक नग मोजा. बॅचमधला एक नाही, प्रत्येक. पाणी देण्यात थोडा फरक पडला तरी पातं बदलतं. वजन आणि वाकण्याचा आकडा कार्डावर हाताने लिहा.

३. विकल्यानंतरचं सांगा. लोखंडावर लोखंड आपटलं की कडेला खाचा पडतात, टोकदार कंगोरे येतात. ते कानशीने घासायचे, तेल लावायचं, तडा दिसला तर तलवार बाजूला. हे कागदावर द्या. जमलं तर सुटं पातंही विका, तो दुसरा धंदा तयार होतो.

४. कायदा आधी बघा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, प्रत्येक देशाचे नियम निराळे. इंग्लंड-वेल्समध्ये २००८ पासून ५० सेंटिमीटर आणि त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे, काही अपवाद सोडून. वकिलाची फी भरा, मग भट्टी पेटवा.

आता तुमच्या दुकानाचं

तुम्ही तलवारी विकत नसाल. शिडी विकत असाल, हेल्मेट, दोर, लहान मुलांची खेळणी, घरगुती मसाला. आज संध्याकाळी गल्ला बंद करायच्या आधी सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू काउंटरवर मांडा. प्रत्येकीसमोर एक कोरी चिठ्ठी ठेवा आणि फक्त एक ओळ लिहा: "ही वस्तू कशासाठी नाही." ज्या वस्तूपुढे पेन अडेल, तिच्या सप्लायरला सकाळी पहिला फोन लावा. त्यानेही "चालतंय की सगळ्याला" म्हटलं, तर काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

पुढच्या व्हिडिओत हे कार्ड कसं छापायचं, किती खर्च येतो आणि काउंटरवरच्या पोराला ते वाचून दाखवायची सवय कशी लावायची, ते दाखवतो. तोवर तुमच्या पाच ओळी लिहून पाठवा. चांगल्या असतील त्या नाव न घेता व्हिडिओत वाचेन.

भेटूच. धंदा जपा, गिऱ्हाईक जपा, आणि गिऱ्हाइकाच्या समोर उभ्या असलेल्या माणसालाही जपा.