तिचं म्हणणं कुणी लिहूनच घेतलं नाही

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की आमच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये रात्री तालमी सुरू होतात. परवा एका तालमीला जाऊन बसलो. नाटक ऐतिहासिक. तलवारी, दरबार, पल्लेदार भाषणं. नायकाच्या बायकोचं काम करणारी मुलगी कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेली. विचारलं, तुझं काम केवढं गं? म्हणाली, "दादा, दोन प्रवेश. एकदा ओवाळायचं, एकदा रडायचं."

लेखक माझा मित्रच. त्याला छेडलं, तर म्हणाला, "अरे, बायकांबद्दल कागदच सापडत नाहीत. मनाचं काय लिहू?"

अडचण खरी आहे. पण त्यावर वाट काढलेली माणसंही आहेत. इंग्लंडच्या नाटककार कॅरिल चर्चिल यांचं उदाहरण बघा.

१९७६ साली त्यांनी सतराव्या शतकातल्या इंग्लंडवर नाटक करायला घेतलं. तो प्युरिटनांचा जोर असलेला काळ. कडवे धर्मसुधारक, बायबल हेच प्रमाण. त्यांच्या वरचष्म्याच्या पार्लमेंटने १६४२ मध्ये नाटकं बंद केली, १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं. एवढी उलथापालथ! पण १६४७ मध्ये पटनीला मताचा हक्क कुणाला यावर जी गाजलेली चर्चा झाली, तिथे एकही बाई नव्हती. १६४९ मध्ये बायका अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या, तर त्यांना सांगितलं, घरी जा, भांडी घासा. म्हणजे राजा गेला, तरी चूल होती तिथेच राहिली.

अशा बायकांवर लिहायचं कसं? चर्चिलबाई थेट लिहायला बसल्या नाहीत. आधी दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क आणि त्यांनी मिळून वाचन केलं. मग जॉइंट स्टॉक या मंडळीच्या नटांबरोबर तीन आठवडे कार्यशाळा. संहिता नाही, भूमिका वाटलेल्या नाहीत. वाचायचं, बोलायचं, खेळ खेळायचे, प्रसंग उत्स्फूर्त उभे करायचे. त्यानंतर सहा आठवडे त्यांनी एकटीने लिहिलं आणि मग पाच आठवडे तालीम. 'लाइट शायनिंग इन बकिंगहॅमशायर' हे ते नाटक.

त्यात हॉस्किन्स नावाची बाई प्रवचन चालू असताना उठून धर्मगुरूला अडवते. तो म्हणतो, बायकांनी गप्प बसावं असं शास्त्र सांगतं. ती त्याच बायबलमधलं दुसरं वचन त्याच्या तोंडावर फेकते. मार खाते, पण बोलते. आणखी एका प्रवेशात एक गरीब बाई जमीनदाराच्या वाड्यातून आरसा घेऊन येते आणि दोघी जणी त्यात स्वतःला बघतात. बस, एवढंच. पण ज्यांनी स्वतःला कधी पूर्ण पाहिलेलंच नाही, त्यांचं जिणं त्यात कळतं. असला प्रवेश बखरीत सापडत नाही. "तिच्या घरात काय असेल, काय नसेल?" असं कुणीतरी विचारावं लागतं.

त्याच वर्षी 'मॉन्स्ट्रस रेजिमेंट' या मंडळीबरोबर त्यांनी 'व्हिनेगर टॉम' केलं. विषय चेटकिणींचा, पण नाटकात चेटकीण एकही नाही. आहेत त्या गरीब म्हातारी, नवरा नसलेली तिची पोर, लग्नाला नकार देणारी मुलगी, झाडपाल्याचं औषध देणारी बाई. शेजाऱ्याचं वासरू मरतं आणि दोष म्हातारीवर येतो.

आता कुणी म्हणेल, नाटक काय समितीने लिहायचं असतं का? मुळीच नाही. दोन्ही नाटकं चर्चिलबाईंनीच लिहिली. कार्यशाळेने वाक्यं नाही, प्रश्न पुरवले. आणि कार्यशाळा म्हणजे मनाला येईल ते घुसडायचा परवानाही नव्हे. काळ कुठला, जमीन कुणाची, कायदा काय म्हणतो, याचं वाचन आधीच हवं. ते नसेल तर उरतो नुसता गोंधळ.

हे सगळं मला का टोचतंय, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका पाड्यावर एका विधवेला डाकीण ठरवून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच आलेला होता. बातमी मीच केली. तीत पोलिसांचं म्हणणं होतं, सरपंचांचं होतं, डॉक्टरांचं होतं, एका कार्यकर्त्याचंही होतं. तिचं नव्हतं. रुग्णालयात ती दहा पावलांवर पडली होती. मला सहाच्या आत मजकूर पाठवायचा होता. उद्या कुणी ते कात्रण वाचून नाटक लिहील आणि म्हणेल, "बाईबद्दल काही सापडत नाही." कसं सापडेल? मीच लिहून घेतलं नाही!

म्हणून गावातल्या हौशी मंडळींना एकच विनंती. यंदाचं राहू द्या, तारीख जवळ आली. पुढच्या वर्षी संहितेआधी तीन नाही, एक तरी आठवडा काढा. लेखक, दिग्दर्शक आणि त्या ओवाळणाऱ्या मुली एकत्र बसा. त्यांना विचारा, ही बाई दिवसभर काय करत असेल, कुणाला घाबरत असेल, कशावर चिडत असेल? त्यातून निघेल ते तपासा आणि मग लिहा. आणि ज्यांच्याकडून घेतलं, त्यांची नावं पत्रिकेत छापायला विसरू नका.

बक्षीस मिळेल न मिळेल. पण ती मुलगी विंगेत मोबाईल बघत बसणार नाही, एवढं नक्की.

तुम्ही पाहिलेल्या ऐतिहासिक नाटकातली कोणती बाई तुमच्या लक्षात राहिली? आणि ती काय बोलली, तेही आठवतंय का? आठवून बघा, मग कमेंट करा.