दूधभात आणि मांजराचं पिल्लू

मराठी माणसाला मांजराबद्दल दोन गोष्टी लहानपणापासून ठाऊक असतात. एक, मांजर दूध पितं. दोन, मांजराचं काही करावं लागत नाही, ते आपलं आपण बघतं. गंमत अशी की वाड्यातल्या मनीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या वाटायच्या. तिला दिवसातून एकदा बशीभर दूध किंवा दूधभात मिळायचा, आणि बाकीचं पोट ती उंदीर, पाली, चिमण्या मारून भरायची. आपल्याला वाटायचं आपण दूधभातावर मांजर पोसतोय. प्रत्यक्षात तिची मांसाहारी खानावळ बाहेर जोरात चालू असायची.

आता तीच मनी आपण चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये आणतो, दार लावून घेतो, खिडक्यांना जाळी मारतो (ती मारायलाच हवी, मांजरं पडतात), आणि बशी मात्र तीच ठेवतो. सगळा घोळ इथे आहे.

दर पावसाळ्यात ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लांचे फोटो येतात आणि "कुणाला हवंय का?" विचारलं जातं. अर्ध्या तासात पाच जण हात वर करतात. त्या पाच जणांसाठी माझं एक स्पष्ट मत आहे, काही मंडळी चिडतील, पण सांगतोच. ज्या घरात मांस-माशापासून बनलेलं खाणं येऊच शकत नाही, त्या घराने मांजराचं पिल्लू आणू नये.

हे मी मटणाच्या रश्श्यात बोटं बुडवून लिहीत नाहीये :-) मी स्वतः अशा घरात वाढलोय जिथे अंडंही उंबरठ्याबाहेर. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, आणि तो आपल्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, आणि वनस्पतींमध्ये तो जवळपास नसतोच. तो मांस-माशातूनच मिळतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत डेव्हिसच्या पशुवैद्यक संशोधकांनी दाखवला. गंमत म्हणजे त्यांच्याकडे आलेली मांजरं तयार पाकिटबंद खाणं खाणारी होती! त्या खाण्यातही टॉरिन कमी पडत होतं. मग कंपन्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं. मांसाच्या तयार खाण्यात जे कमी पडू शकतं, ते दूधपोळीत कुठून येणार?

आमच्याकडे यावर आईशी रीतसर तह झाला. माऊचं खाणं कोरडं आणि पाकिटबंद, बाल्कनीतल्या डब्यात. तिची वाटी वेगळी. ती धुण्याचं काम माझं. सहा वर्षं हा तह टिकलाय. तेव्हा घरात मासे शिजवायला कुणी सांगत नाहीये. पिल्लांसाठीचं म्हणून मिळणारं खाणं आणा, बाजूला स्वच्छ पाणी ठेवा, बस्स. एवढाही तह जमत नसेल तर मात्र ग्रुपवर हात वर करू नका.

आता दूध. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक पिल्लांची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. आपल्याला जुलाब झाले तर एक दिवस सुट्टी. अर्ध्या किलोच्या पिल्लाला जुलाब झाले तर अंगातलं पाणी जाऊन ते दोन दिवसांत मरू शकतं. पिल्लू चार आठवड्यांपेक्षा लहान असेल तर गाई-म्हशीचं दूध नको, मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते ती आणा. आधी पिल्लाला ऊब द्या, मग पाजा. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आणि तान्ह्या बाळासारखं उताणं धरून तर अजिबात पाजू नका, दूध फुफ्फुसात जातं. खरं तर आई जवळपास असेल तर आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू उचलूच नये.

लसीबद्दल नेहमीचा प्रश्न: "एकदा दिली ना, मग परत परत कशाला? डॉक्टरचा धंदा!" तसं नाहीये. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीलाच निकामी करते. ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळं, आणि बाहेरून कळत नाही. आमच्या धंद्यात, समोरचा सर्व्हर कधी जागा होईल माहीत नसेल तर ठरावीक वेळाने परत विनंती पाठवतात. तसंच हे. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. मधला एखादा राहिला तर डॉक्टरांना विचारून पुढे चालू ठेवा, सोडून देऊ नका. साधारण तीन महिन्यांना रेबीजची. "आमचं घराबाहेर जातच नाही" हे कारण चालत नाही. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलेला चिकटून घरात येतो. तो पिल्लांना काही दिवसांत संपवतो. जंताचं औषधही वेळच्या वेळी हवं, कारण जंत आईच्या दुधातूनच आलेले असतात.

सर्वात जास्त चीड येते ती घरगुती डॉक्टरकीची. पिल्लू गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल! माणसाच्या लिव्हरमध्ये हे औषध निकामी करणारी जी यंत्रणा असते, ती मांजरात फार कमकुवत असते. एक गोळी मोठ्या बोक्याचा जीव घेऊ शकते. काळ्या फिनाइलचंही तेच, फरशीवरून ते पंजाला लागतं आणि पंजा चाटला जातो. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे थेंबही मांजराला विष आहेत. मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे, आणि छोटा माणूस तर नव्हेच.

शेवटचं, नसबंदी. चार-पाच महिन्यांची भाटी माजावर येऊ शकते आणि त्यानंतर नऊ आठवड्यांत पिल्लं. "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला" म्हणणाऱ्यांनी त्या चार पिल्लांची घरं आधी शोधून दाखवावीत. नाहीतर तेच फोटो पुन्हा ग्रुपवर.

असो. यादी मोठी वाटली तरी पहिल्या सहा महिन्यांचंच काम आहे हे बरंचसं. पिल्लू चोवीस तास काही खात नसेल तर मात्र "उद्या बघू" म्हणू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. आणि कुणी ग्रुपवर फोटो टाकला की हात वर करण्याआधी घरात खाण्याचा तह करून घ्या. दूधभात आपण खाऊ.