कळलं का?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. परवा सकाळी आमच्या फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर विषय निघाला, "हल्लीच्या गाण्यांतले शब्दच कळत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होतो, पण एक जुनी संध्याकाळ आठवली आणि मान अर्ध्यातच थांबली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची सौ. जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. नातू नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता. आजीनेच त्याला वाढवलेलं, पण ती गेल्यापासून तो रडला नव्हता आणि धड बोलतही नव्हता. कानात वायरी घालून बसायचा. मी पडलो मास्तर. "काय वाटतंय ते सांग, बोललं की मोकळं वाटतं," असा रोजचा धोशा. त्याचं उत्तर ठरलेलं, "काही नाही आजोबा." एकदा वैतागून विचारलं, "एवढं काय ऐकतोस रे?" त्याने एक वायर माझ्या कानात घातली. मला काही उमगलं नाही. तो म्हणाला, "हे दोघे मुंबईत येतायत. येता का?" त्याचा मित्र ऐनवेळी गळाला होता, हे मला मागाहून कळलं !

हे दोघे म्हणजे 'पारेख अँड सिंग'. निश्चय पारेख आणि जीवराज सिंग, दोघेही कोलकात्याचे. निश्चय गातो आणि गिटार वाजवतो, जीवराजकडे ड्रम आणि यंत्रांतून काढलेले आवाज. २०१६ मध्ये त्यांचा 'ओशन' हा अल्बम इंग्लंडच्या पीसफ्रॉग कंपनीने काढला, २०१९ मध्ये 'सायन्स सिटी' आला. जीवराजचे आईवडील, जयश्री आणि ज्ञान सिंग, कोलकात्याच्या 'स्किनी अ‍ॅली' या बँडमधले, आणि हा त्यांच्याच साथीला ड्रम वाजवायचा. म्हणजे आपल्याकडे असतं तसं घराणंच की !

या गाण्याला 'ड्रीम पॉप' म्हणतात, असं नातवाने गाडीत समजावलं. गाणाऱ्याचा आवाज पुढे न येता वाद्यांच्या धुक्यात मिसळून राहतो, आणि सगळ्याला एक लांबलचक घुमारा असतो. अंबरनाथचं शिवमंदिर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चं. पायऱ्या उतरून तिथल्या गाभाऱ्यात नुसतं 'ओम्' म्हटलं तरी आवाज अंगाभोवती फिरल्यासारखा वाटतो. हे लोक तो गाभारा यंत्राने तयार करतात, एवढं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

सभागृह परळकडच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात. आत खुर्च्या नाहीत ! सगळे उभे. माझे पांढरे केस बघून एका मुलीने कुठूनसं स्टूल आणून दिलं, तिचं भलं होवो. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. शाळेची घंटा कधी पाच मिनिटंही चुकू न दिलेल्या माणसाला ते जड गेलं. मग दोघे सूट घालून आले, एखाद्या लग्नातले करवले शोभावेत तसे, आणि काही न बोलता वाजवू लागले.

गाणी इंग्रजी. चार-दोन शब्द सोडले तर माझ्या हाती काही लागलं नाही. पहिली दोन गाणी मी शब्दांच्या मागे धावलो आणि दमलो. तिसऱ्याला धावणं सोडलं. तेव्हा लक्षात आलं की खर्जातला सूर कानांनी नाही, तर पायाखालच्या फळीतून आणि छातीतून ऐकू येतोय. वायरीतून हे कळलंच नव्हतं. सहज बाजूला पाहिलं, तर नातू रडत होता. आवाज नाही, हुंदका नाही. "काय झालं?" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. कसे कोण जाणे, मी ते गिळले आणि त्याचा हात धरला.

आता माझं मत सांगतो. छत्तीस वर्षं मी मराठी शिकवलं. संदर्भासहित स्पष्टीकरण हा माझा हातखंडा आणि "कळलं का?" हे माझं पालुपद. भावगीतात शब्द कळलेच पाहिजेत, हे मी आजही म्हणेन. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' नावाचं पुस्तक लिहिलं ते उगाच नाही. पण सगळ्या गाण्यांना एकच प्रश्नपत्रिका कशी देणार? मिरजेत राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्यात सूर आधी, शब्द मागून. तराण्यात तर 'तोम तनन' सोडून काय असतं? तिथे आपण "अर्थ सांगा" म्हणून कुणाला अडवत नाही. तिकडे स्कॉटलंडात १९७९ मध्ये 'कॉक्टो ट्विन्स' नावाचा बँड निघाला. त्यातली एलिझाबेथ फ्रेझर कित्येकदा अर्थापेक्षा नादासाठीच शब्द निवडायची. म्हणजे ही खोड आजच्या पोरांची नाही, आणि परक्यांचीही नाही. आपल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारीत थोडा आळस आहे, असं मला वाटतं. थोडी भीतीही असेल. जे समजत नाही तिथे आपल्याला शिकवण्यासारखं काही उरत नाही ना !

कार्यक्रम संपल्यावर धावतपळत करी रोड, मग दादर, तिथून बदलापूर गाडी. डबा जवळजवळ रिकामा. कल्याण सुटलं तरी कुणी बोललं नव्हतं. विठ्ठलवाडीला उतरलो, पुलाच्या पायऱ्या चढताना तो आपण होऊन म्हणाला, "आजोबा, आजी भाकऱ्या करताना गुणगुणायची ना, त्यालाही शब्द नव्हते."

तिच्यासोबत सत्तेचाळीस वर्षं संसार केला मी. ते गुणगुणणं रोज कानावर पडायचं, पण ऐकलं होतं ते त्याने. मग पुलावरच दोघे थोडा वेळ थांबलो. त्यानंतर तो हळूहळू बोलू लागला, थोडंच, पण आपणहून.

आता तो नोकरीसाठी बंगलोरला असतो. रविवारी फोन येतो. कधी बोलायला काही नसतं, तेव्हा दोघेही थोडा वेळ गप्प राहतो आणि फोन ठेवायची घाई करत नाही.

असो. लांबलं जरा. तुमच्या घरातल्या पोरांच्या कानात काय वाजतं, ते एकदा मागून ऐका. फक्त लगेच अर्थ विचारू नका. ऐकलंत तर मलाही कळवा.