हिमालयाचे मुद्दल

एखाद्या गृहस्थाची आमदनी एकाएकी वाढली, तर जाणता हिशेबनीस प्रथम विचारतो, ही वाढ व्याजाची की मुद्दलाची? हिमालयातील हिमनद्यांविषयी हाच प्रश्न विचारावयास हवा. बर्फ अधिक वितळले की काही काळ नद्यांना पाणीही अधिक येते आणि सुबत्तेचा भास होतो. प्रत्यक्षात खर्ची पडत असते ते शतकांचे संचित.

हा हिशेब केवळ अंदाजाने मांडता येत नाही. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २००७ च्या अहवालातील विधान निराधार असल्याची कबुली मंडळालाच २०१० मध्ये द्यावी लागली. अतिशयोक्तीने खऱ्या संकटावरचाही विश्वास उडतो.

उपग्रहांनी ही उणीव बरीच भरून काढली. वरून लेसरचा झोत सोडावयाचा, तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर व अंतरावरून पृष्ठभागाची उंची काढावयाची. कालांतराने पुन्हा मोजले की फरक कळतो. त्यास क्षेत्रफळाने गुणले की घनफळातील घट हाती येते. ‘आइससॅट’ने २००३ ते २००८ या काळात केलेल्या मोजणीत जम्मू-काश्मीर भागातील हिमनद्या वर्षाकाठी सुमारे ६६ सेंटिमीटरने, तर काराकोरममधील अवघ्या काही सेंटिमीटरने पातळ होत असल्याचे आढळले. ‘सारा हिमालय वितळतो आहे’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी आणि ‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांनीही हे आकडे वाचावेत.

तथापि उंची म्हणजे वजन नव्हे. ताजा हिम हलका, जुने बर्फ जड; घनफळावरून पाणी काढावयाचे तर घनता गृहीत धरावी लागते. हे गृहीत तपासण्यासाठी कोणीतरी हिमनदीवर चढून खुंट्या रोवल्या पाहिजेत, खड्डे खणले पाहिजेत. हिमाचलातील छोटा शिग्री हिमनदीवर असे काम २००२ पासून चालू आहे. त्यात गाजावाजा नाही, उद्घाटनाची फीतही नाही. म्हणूनच अशा कामाला पैसा अखंड मिळेल, हे शासनाने पाहिले पाहिजे.

धरणांचे व वीजप्रकल्पांचे आराखडे आजच्या फुगलेल्या प्रवाहावर बेतले, तर उद्या कोरड्या पात्रांचे कर्ज आपल्या मुलाबाळांच्या माथी बसेल. मुद्दल मोडून चाललेला संसार फार काळ टिकत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.