विश्लेषण : विजेता मैदानात ठरला की लवादात? फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीची शिडी नेमकी कुठे तुटते?

उमरग्यात सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळणारी पोरे दिसली, तर त्यांच्या अंगावर मेस्सी नाही तर रोनाल्डोचा शर्ट असतो. भारतातील दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये कोणते संघ खेळतात, हे त्यांना विचारले तर दोन नावेही येणार नाहीत. यात त्यांचा दोष नाही. त्या लीगचा २०२४-२५ चा मोसम संपला तेव्हा विजेता कोण, हे खुद्द क्लबांनाही माहीत नव्हते. उत्तर मिळायला १०३ दिवस लागले आणि ते स्वित्झर्लंडमधून आले. या मोसमाची गोष्ट धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाने का वाचावी, याचे कारण साधे आहे. लहान गावाला मोठ्या फुटबॉलमध्ये शिरायचे असेल तर वाट याच दुसऱ्या श्रेणीतून जाते.

दुसरी श्रेणी म्हणजे काय?

भारतीय फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. २०२४-२५ मध्ये सर्वांत वर होती इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल, तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग २, आय-लीग ३ आणि तळाला राज्यांच्या लीग. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा आय-लीग हीच देशाची मुख्य लीग होती. पुढे पैसा, प्रक्षेपण आणि परदेशी खेळाडू आयएसएलकडे गेले आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर आली. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली. आधी पंजाबचा राउंडग्लास संघ वर गेला, त्यानंतर कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग.

म्हणजे वर जायचा दरवाजा उघडला. वरून खाली यायचा दरवाजा मात्र २०२४-२५ च्या मोसमातही बंदच राहिला. आयएसएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षीही आयएसएलमध्येच. आय-लीगमधून मात्र त्या मोसमात एससी बंगळूरु आणि दिल्ली एफसी हे दोन संघ खाली घसरले. तळच्यांना शिक्षा आणि वरच्यांना अभय, असा हा न्याय.

मोसमाच्या शेवटी काय घडले?

६ एप्रिल २०२५ हा शेवटचा दिवस. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने श्रीनगरमध्ये रिअल काश्मीरशी १-१ अशी बरोबरी केली आणि ४० गुणांवर मोसम संपवला. इंटर काशीने आपला सामना जिंकला, पण त्यांचे गुण झाले ३९. त्याच दिवशी गोव्याच्याच डेम्पोने कोझिकोडमध्ये गोकुलम केरळला ४-३ असे हरवले. गुणतक्ता पाहिला तर चर्चिल विजेते. पण तक्त्यातील एका सामन्याचा वाद मिटलेला नव्हता.

तो सामना होता १३ जानेवारीचा, नामधारी एफसी विरुद्ध इंटर काशी. नामधारीने तो २-० असा जिंकला, पण त्यांनी खेळण्यास अपात्र असलेला खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली. महासंघाच्या शिस्तपालन समितीने गुण इंटर काशीला दिले. अपील समितीने आधी त्याला स्थगिती दिली आणि मोसम संपल्यावर, एप्रिलमध्ये, निर्णयच फिरवला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने चर्चिलला विजेते घोषित केले, करंडकही दिला. इंटर काशी लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले आणि १८ जुलै २०२५ रोजी लवादाने त्यांना विजेते ठरवले. इंटर काशीचे गुण झाले ४२ आणि आयएसएलची जागाही त्यांचीच.

इथे कोणता क्लब खरा होता, हा माझा मुद्दा नाही. नियम मोडला असेल तर गुण जायलाच हवेत. माझा आक्षेप वेळेला आहे. जानेवारीच्या सामन्याचा निकाल मोसम संपल्यावर लागत असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये खेळाडू नेमके कशासाठी धावत होते? शेवटच्या दिवशी एका गुणाची गरज आहे की तिनाची, हे माहीत नसताना कोणता प्रशिक्षक डाव आखणार? गावातल्या कबड्डीच्या सामन्यातही पंच वाद मिटवल्याशिवाय पुढची चढाई होऊ देत नाहीत.

यातले क्लब आणि त्यांची मैदाने कुठली?

या लीगची खरी गंमत तिच्या नकाशात आहे. नामधारीचे घरचे मैदान लुधियाना जिल्ह्यातील भैणी साहिब या गावात आहे. एका गावाचा संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो. ऐजॉल आणि शिलाँग लाजाँग हे डोंगराळ ईशान्येतले. चर्चिलचे घरचे सामने सासष्टीतील राय येथील पंचायतीच्या मैदानावर झाले. इंटर काशी नावाने वाराणसीचे, पण त्यांचे घर होते पश्चिम बंगालमधील कल्याणीचे स्टेडियम. काशीच्या प्रेक्षकाला आपला संघ पाहायचा तर गंगेच्या काठाने थेट बंगाल गाठावा लागणार!

उमरग्यापासून सर्वांत जवळचा क्लब होता श्रीनिदी डेक्कन. त्याचे डेक्कन अरेना हे मैदान हैदराबादच्या वेशीवर आहे. आपल्याकडून सोलापूर-हैदराबाद महामार्गाने सुमारे २०० किलोमीटर. मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. महाराष्ट्राचा एकही क्लब त्या मोसमाच्या १२ संघांत नव्हता. मुंबईचा केंकरे एफसी होता, तो २०२२-२३ च्या अखेरीस खाली घसरला.

हैदराबादशी आपले नाते जुने कसे?

धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचा शिक्षक फुटबॉल घडवत होता. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकला. ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे ही गोष्ट नव्या पिढीला कळली. पण ते आपल्याच जुन्या राज्याचे फुटबॉल होते, हे कुणी सांगत नाही. म्हणजे या मातीला फुटबॉल परका, असे म्हणता येत नाही. वाट मात्र पुढे तुटली.

महाराष्ट्रातले क्लब कुठे गेले?

यादी वाचली की वाईट वाटते. महिंद्र युनायटेड २००५-०६ चे राष्ट्रीय विजेते. २०१० मध्ये संघ बंद. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये उपविजेते. २०१५ मध्ये बंद. भारत एफसी एक मोसम खेळले आणि संपले. डीएसके शिवाजीयन्स दोन मोसम. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाला गेले आणि मग दिसेनासे झाले. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. तो संघ २०२१-२२ मध्ये विजेता झाला, पुढे पैशाच्या अडचणीत सापडला आणि २०२५ मध्ये दिल्लीला गेला. पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला! बालेवाडीचे स्टेडियम मात्र होते तिथेच आहे.

मुंबई एफसीच्या गोष्टीला एक वेगळे वळण आहे. या संघाला अनेक वर्षे सांभाळणारे प्रशिक्षक खालिद जमील २०१६ मध्ये तिथून बाहेर पडले आणि ऐजॉलला गेले. ऐजॉल त्याआधीच्या मोसमात खाली घसरला होता. पण डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी लीगच्या नव्या आराखड्याविरोधात माघार घेतली आणि रिकाम्या जागेवर ऐजॉलला परत बोलावले गेले. त्याच मोसमात, २०१६-१७ मध्ये, ऐजॉल देशाचे विजेते झाले आणि मुंबई एफसी तळाला. जमील पुढे २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. संधी मिळाली की लहान शहराचा संघ काय करू शकतो, याला वेगळा पुरावा कशाला हवा?

डेम्पोचे उदाहरण का महत्त्वाचे?

डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१४-१५ मध्ये ते घसरले. पुढच्याच वर्षी खालची श्रेणी जिंकून वर यायला पात्र झाले, पण २०१६ मध्ये बाहेर पडले. तेव्हाच्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम जागा होती आणि ती त्यांना मान्य नव्हती. परतायला त्यांना आठ वर्षे लागली. २०२३-२४ मध्ये ते आय-लीग २ मधून एकेक सामना खेळत वर आले. उलट इंटर काशी आणि नामधारी २०२३ मध्ये निविदेच्या वाटेने थेट दुसऱ्या श्रेणीत दाखल झाले होते. ते नियमाला धरूनच झाले. पण एक क्लब पायऱ्या चढतो आणि दुसरा लिफ्टने येतो, तेव्हा शिडीवरचा विश्वास कमी होतो.

रशियातून काय शिकता येते?

रशियाच्या दुसऱ्या श्रेणीत पश्चिम टोकाच्या कॅलिनिनग्राडपासून पूर्वेच्या खाबारोव्स्कपर्यंतचे संघ खेळत आले आहेत. या दोन शहरांच्या घड्याळांत आठ तासांचा फरक. तरीही तिथे बढती आणि घसरण दोन्ही चालतात. २०२४-२५ मध्ये दुसरा आलेल्या टॉर्पेडो मॉस्कोच्या मालकांवर सामन्यांत गैरप्रकार केल्याचे आरोप झाले. तेव्हा त्यांची बढती रद्द करून ऑरेनबर्गला वरच्या लीगमध्ये ठेवले गेले, तेही नवा मोसम सुरू होण्याआधी.

दुसरा धडा स्टेडियमचा. २०१८ च्या विश्वचषकासाठी सारान्स्क या शहरात भव्य स्टेडियम उभे राहिले. तिथला मोर्दोव्हिया हा क्लब २०२० मध्ये आर्थिक संकटात बंद पडला. स्टेडियम उरले, संघ गेला. बालेवाडीची आठवण होते ना? आधी काँक्रीट ओतायचे आणि नंतर संघ शोधायचा, हा क्रम तिथेही चुकला.

मालकांची बाजू चुकीची आहे का?

पूर्ण नाही. आयएसएलच्या मालकांनी मोठी रक्कम घातली ती घसरणीची भीती नसेल या भरवशावर. भारतात प्रक्षेपणाचे उत्पन्न मर्यादित, प्रेक्षक क्रिकेटकडे. एक वाईट मोसम आणि गुंतवणूक बुडाली, असे होऊ लागले तर पैसा कोण घालणार, हा त्यांचा सवाल रास्त आहे.

पण वरची यादी पुन्हा पाहा. एफसी पुणे सिटीला घसरणीपासून अभय होते, तरी तो बंद पडला. हैदराबादलाही होते, तरी शहर सुटले. अभयाने क्लब वाचत नाहीत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालीम मंडळ भिडतात तेव्हा गर्दी तिकिटासाठी येते, ती पेठेच्या नावासाठी. क्लब वाचतो तो अशा माणसांमुळे.

मग करायचे काय?

पहिले, आयएसएलमधून दरवर्षी किमान एक संघ खाली यावा. ज्याला गुंतवणुकीची काळजी आहे त्याला घसरल्यावर दोन वर्षे आर्थिक आधार द्या. इंग्लंडमध्ये ही पद्धत आहे. दुसरे, गुणांचा वाद पुढच्या काही फेऱ्यांच्या आत निकाली काढण्याची मुदत लीगच्या नियमातच असावी. तिसरे, ज्या शहराचे नाव लावता त्या शहरात निम्मे तरी सामने खेळा.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. धाराशिवच्या मातीतून सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती काही चमत्काराने वर गेली नाही. खो-खोत तालुका, जिल्हा, राज्य आणि देश या पायऱ्या जागेवर आहेत, मुलीला पुढची पायरी दिसते. फुटबॉलमध्ये उमरग्याच्या मुलाला शालेय सुब्रोतो करंडक दिसतो. जिल्हा, विभाग, फार तर राज्य. दहावी-बारावी झाली की पुढे काय? वर्षभर चालणारी जिल्हा लीग हवी, तिचा विजेता राज्याच्या लीगमध्ये जावा, तिथून आय-लीग ३ कडे. बंगालमधील डायमंड हार्बर २०२२ मध्ये स्थापन झाला आणि २०२५ मध्ये आय-लीग २ जिंकून दुसऱ्या श्रेणीसाठी पात्र ठरला. मागे राजकीय पाठबळ होते, हे खरे. पण सामने मैदानात जिंकावे लागले, तेही खालच्या पायरीपासून.

उमरग्याचा संघ उद्या आय-लीगमध्ये खेळेल, असे कुणी म्हणत नाही. पण इथल्या पंधरा वर्षांच्या पोराने वाट विचारली, तर त्याला पहिली पायरी कुठे आहे आणि तिच्यावरून पुढे कुठे जाता येते, एवढे तरी जिल्हा संघटनेला आणि क्रीडा कार्यालयाला सांगता आले पाहिजे. आज ते सांगता येत नाही. स्पर्धांचे नवे वेळापत्रक ठरेल तेव्हा जिल्हा लीगची तारीख त्यात आहे का, हे पालकांनी आणि क्रीडा शिक्षकांनी विचारावे. सुरुवात तिथून होऊ शकते.