पोरांची वही ग्रामसभेत वाचा

शेतकरी बंधूंनो, शाळेची पोरं विजारी दुमडून ओढ्यात उतरली, की पारावर लगेच शेरा येतो, "मास्तर शिकवायचं सोडून खेकडं धरायला लावतंय." असं म्हणण्याआधी पोरांची वही एकदा उघडून बघा.

हे कुणा एका मास्तरांचं खूळ नव्हे. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १९९३ पासून १० ते १७ वर्षांची मुले आपल्याच परिसरातले प्रश्न मांडत आली आहेत.

ओढ्यातला दगड उलटा करा. त्याला चिकटलेल्या, मागे तीन शेपट्या असलेल्या बारीक अळ्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे असे समजावे. पाणी बिघडले की आधी त्याच जातात. गाळात फक्त लाल, दोऱ्यासारख्या अळ्या उरल्या, तर पाणी सडत चालले आहे. हे ओळखायला यंत्र लागत नाही, डोळे लागतात. ते पोरांकडे आहेत. जोडीला तपासणीची छोटी बाटली द्या. त्यात भरलेले पाणी २४ ते ४८ तासांत काळे पडले, तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची दाट शक्यता असते.

आता खरं बोलू. फवारणीचा पंप ओढ्यात धुतो कोण? आपणच. एकराला युरियाचं पोतं जादा टाकतो कोण? तेही आपणच. तो पावसाबरोबर ओढ्यात जातो, पाझरून विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकते.

म्हणून वहीत "अमक्याच्या बांधाखाली पाणी बिघडले" असे आले, तर पोराला दम देऊ नका. अडचण इथेच आहे. पोरगं खरं लिहितं आणि घरी मार खातं.

सरपंच, भाऊसाहेब, तुम्हालाही विनंती. स्वच्छता सर्वेक्षणात लाल कार्ड मिळेल या भीतीने वही दडवू नका. ताप निघाला म्हणून कुणी तापमापक फोडत नाही. पोरांची तपासणी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, हे खरे. पण शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा, विहिरीत टीसीएल वेळेवर पडते का ते बघा.

पोरांचीही काळजी घ्या. पुरात आणि फवारणीच्या दिवसांत त्यांना ओढ्यात उतरवू नका. बाहेर आल्यावर साबणाने हात धुऊ द्या.

येत्या ग्रामसभेत पोरांना दहा मिनिटे द्या. त्याला ना निधी लागतो, ना मंजुरी. ओढा आपला, आजारीही आपणच पडणार. मग ऐकून घ्यायला लाज कसली?