उपस्थात्याचे समाधान कसे मोजावे?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आणि उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे गुण अपेक्षिले. यांपैकी ज्ञान व दक्षता शिक्षणाने येतात, शौचाचे नियम करता येतात. अनुराग मात्र आदेशाने उत्पन्न होत नाही. तो टिकावयाचा तर परिचारिकेस आपल्या कामात समाधान लाभले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या रुग्णालयात कार्यरत होतो, तेथे हे समाधान मोजण्याचा प्रयत्न झाला. ‘आपण कामात समाधानी आहात काय?’ हा एकच प्रश्न, खाली नाव व सही, आणि पत्रके गोळा करण्याचे काम मेट्रनकडे. सर्व उत्तरे ‘होय’ आली. व्यवस्थापन संतुष्ट झाले, आम्हीही विश्वास ठेवला. पुढील सहा महिन्यांत पंचकर्म विभागातील तीन अनुभवी सिस्टर नोकरी सोडून गेल्या. राजीनामा हे व्याधीचे रूप होय. पूर्वरूप आमच्या ध्यानी आले नाही, कारण परीक्षाच सदोष होती. नातेवाइकांसमोर रोगी मनातले सांगत नाही, हे जाणणाऱ्या वैद्यांनी ही चूक करावी, याचा आम्हास खेद वाटतो.

वास्तविक या विषयाची साधने उपलब्ध आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ३६ विधाने असून वेतन, बढती, वरिष्ठांची वागणूक, सहकारी, कामाचे स्वरूप आदी ९ अंगांचा पृथक् विचार आहे. त्यामुळे एकूण बेरीज बरी दिसली तरी क्षीण अंग कोणते, ते कळते. हा केवळ परिचारिकांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की कामाविषयीच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक आढळली.

आमचे मत असे की, प्रश्नावली सुबोध मराठीत असावी, निनावी असावी आणि ती रुग्णालयाबाहेरील व्यक्तीने गोळा करावी. विभागात सात-आठच परिचारिका असतील तर वय व सेवाकालही विचारू नये; त्यावरून व्यक्ती ओळखू येते. निष्कर्ष प्रथम परिचारिकांनाच सांगावेत, निदान एक उपाय तत्काळ योजावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. उपशयावाचून निदानाची खात्री पटत नाही.

ज्यांची उत्तरे ऐकून काहीच करावयाचे नाही, त्यांना प्रश्न विचारू नयेत, हे उत्तम. वैद्यबांधवांनी आपापल्या रुग्णालयात याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.